विलायती चुलीचं पोतेरं

मुलीने लीड्सला घर घेतलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर मला खोली न् खोली फिरवून दाखवली. दिवाणखान्यातली एक भिंत मधोमध पुढे आलेली होती, लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसासारखी. "हे काय गं?" मी विचारलं. "चिमणीची छाती. इथे असंच म्हणतात." मला ते पोटच वाटलं. त्यावर एक फळी ठोकलेली, फळीला भिंतीचाच सायीसारखा रंग, आणि खालच्या बाजूला हवेसाठी एक जाळी. आत काय आहे ते विचारू नका, असा त्या फळीचा एकंदर आविर्भाव होता.

पुढच्या मे महिन्यात मी सहा महिन्यांच्या व्हिसावर तिथे पोचले, तेव्हा फळी निघाली होती. सोफा प्लॅस्टिकखाली गेला होता, टीव्ही जिन्यात उभा होता, आणि मुलगी तोंडाला मास्क लावून एका काळ्या भगदाडापुढे उकिडवी बसली होती. "आई, आपण फायरप्लेसचं कन्झर्व्हेशन करतोय." "म्हणजे दुरुस्ती ना?" "दुरुस्ती नाही. रिस्टोरेशनसुद्धा नाही. कन्झर्व्हेशन." मी मनात म्हटलं, चूल ती चूल, पण प्रवासाने थकले होते, वाद घातला नाही.

भगदाडात टोपलीभर विटांचे तुकडे, काजळीचा ढीग आणि तोंड बंद केलेली गॅसची जुनी नळी होती. भोवती ओतीव लोखंडाची चौकट, तिच्या दोन्ही अंगांना पाच-पाच फरशा, आणि या सगळ्यावर दगडी मखर. मखर, लोखंड आणि फरशा यांना कुणीतरी सरसकट पांढरा ऑइलपेंट फासला होता. आपल्याकडे ग्रामपंचायतीत नवा सरपंच आला की देवळाच्या दगडी खांबांची जी अवस्था होते, तीच.

हे काम करायला येणारे गृहस्थ साधारण माझ्याच वयाचे. यॉर्कशरच्या पद्धतीप्रमाणे ते ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकाला 'लव्ह' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मलाही म्हटलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात जो शब्द कानावर पडला नव्हता, तो एका गवंड्याकडून दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळू लागला. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांना चहाबरोबर चकली देऊ लागले.

आल्या आल्या पोपडे खरवडायला लागतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी मखराच्या एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, शस्त्रक्रियेच्या पात्याने रंगाचा एकेक थर उलगडला. पांढरा, सायीचा, मग पिस्त्यासारखा हिरवा, मग पुन्हा पांढरा, मग चॉकलेटी. भिंगातून बघत बघत नऊ थर मोजले. नऊ थर म्हणजे निदान नऊ वेळा कुणीतरी रविवारी सकाळी उठून, "आता हे जरा उजळवून टाकू," असं म्हटलं असणार. त्यांतल्या एकानेही आधीचा रंग काढला नाही. मला वणीची सप्तशृंगी आठवली. 2022 साली तिच्या अंगावरचा शेंदराचा जाड थर उतरवला, तेव्हा जन्मभर जे रूप पाहत आलो त्याच्या आत वेगळंच मूळ रूप निघालं. माझी एक मैत्रीण त्या वेळी म्हणाली होती, "मी ज्या डोळ्यांकडे बघून नवस बोलले, ते डोळे गेले कुठे?" प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता. पिस्ता रंगाच्या काळात या मखरापुढे कुणीतरी हात शेकत लग्न ठरवलं असेल. त्याचं खरं मखर पिस्ता रंगाचंच.

जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही. धूळ पोटात जाते. त्यांनी मलमासारखा लगदा फासला, वर कागद चिकटवला आणि सांगितलं, उद्यापर्यंत हात लावू नका. सगळं मखर पोटीस बांधलेल्या गुडघ्यासारखं दिसत होतं. पुढे लोखंडाला चोळायला त्यांनी मला एक काळं मलम दिलं. त्याचं इंग्रजी नाव 'काळं शिसं'. मी दचकले, तर म्हणाले, "यात शिसं नाही, लव्ह, हे ग्रॅफाइट आहे." थोडक्यात, ज्याच्या नावात शिसं आहे त्यात ते नाही, आणि ज्यात आहे त्याने आपल्या नावात येऊ दिलेलं नाही. राजकारणात उतरले असते तर दोघेही निवडून आले असते.

लगदा निघाला तेव्हा खाली काळाभोर संगमरवर होता, हिरव्या शिरांचा. मी "अगं बाई!" म्हटलं. पण गृहस्थांनी टिचकी मारून आवाज ऐकला आणि हसले. संगमरवर नव्हताच तो. वेल्सची स्लेट, म्हणजे आपल्या पाटीचा दगड. त्यावर रंगाने शिरा काढायच्या, भट्टीत भाजायच्या, पुन्हा रंगवायचं, पुन्हा भाजायचं. ज्यांना संगमरवर परवडत नसे अशा मध्यमवर्गीयांसाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळात ही सोय निघाली होती. म्हणजे त्या काळचा सनमायकाच म्हणा ना. आता खरी पंचाईत. लगदा आणखी चार तास राहिला असता तर नऊ रंगांबरोबर या लटक्या शिराही धुऊन गेल्या असत्या, आणि खाली राहिली असती खरी, प्रामाणिक, करडी पाटी. जावई म्हणाले, "मग जाऊ दे की! अस्सल ते राहील." गृहस्थांचा चेहरा दुखावला. त्यांच्या मते या मखराचं सोंग हेच त्याचं अस्सल रूप. त्यांनी पुढचे दोन दिवस कापसाच्या बोळ्याने, बाळाचा कान पुसावा तसं, ते सोंग वाचवलं. मी त्यांच्याच बाजूची. आमच्याकडे मुलाम्याच्या दागिन्यांनी माझी दोन लग्नसराईंची हौस भागवली होती. त्यांना कुणी खोटे म्हटलेलं मला अजून चालत नाही.

लोखंडाची चौकट माझ्या वाट्याला आली. तारेच्या बारीक काथ्याने गंज काढायचा, मग ते काळं मलम ब्रशने घासायचं, बुटाला पॉलिश करतात तसं. चार दिवस घासल्यावर काळ्या लोखंडातून एक सूर्यफूल वर आलं. आधी देठ, मग एक पान, मग पाकळ्या. पूर्वी हे काम घरच्या मोलकरणीला रोज पहाटे, मंडळी उठण्याआधी करावं लागे, असं कळलं. मला चार दिवसांत मनगट धरून बसायची वेळ आली.

चौकटीच्या आतल्या अंगाला एक क्रमांक कोरलेला निघाला. नक्षीची चोरी होऊ नये म्हणून तिची नोंद करत, आणि 1884 पासून त्या नोंदीला असा सरळ क्रमांक मिळे. म्हणजे हे लोखंड 1884 नंतरचं. मुलीला तारखेचा आनंद झाला. मला झाला तो वेगळ्याच कारणाने. आदल्या रात्री जावयांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मनातून जात नव्हती. या देशात धुराडी साफ करायला लहान मुलं आत चढवत. पाच-सहा वर्षांची, अंगाने बारीक, कारण धुराडं रुंदीला वीतभर-दीड वीत. कोपरं आणि गुडघे सोलून निघत. त्यांच्यासाठी कायदे झाले 1788 साली, 1834 साली, 1840 साली, आणि तिन्हींना लोकांनी धाब्यावर बसवलं. 1875 च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्नच्या रुग्णालयाचं धुराडं साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर नावाचा पोरगा आत अडकला. भिंत फोडून काढला, पण वाचला नाही. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरींनी जो कायदा करवून घेतला, तो मात्र पाळला गेला. आमचं धुराडं त्यानंतरचं. यातून कुणाचं लेकरू वर गेलं नसणार. मी त्या क्रमांकावरून फडकं जरा जास्तच वेळ फिरवलं.

आमच्या धुराड्यात चढलं होतं ते वेगळंच बिऱ्हाड. वरून काटक्या पडायच्या आणि आतून भांडणाचा आवाज यायचा. गृहस्थांनी आरसा लावून वर बघितलं आणि म्हणाले, जॅकडॉ. कावळ्याच्या कुळातला, पण अंगाने लहान, डोळे चंदेरी. धुराड्यात हात-दोन हात उंचीचं काटक्यांचं घरटं रचतो. पिल्लं असताना घरटं हलवायला इथे कायद्याने बंदी, तेव्हा पिल्लं उडेपर्यंत काम थांबलं. मी नातवाला म्हटलं, "चिमणीत काऊ आलाय." त्याला मराठी बेताचं. तो म्हणाला, "आजी, चिऊ की काऊ?" आता याला कसं समजावणार, की आपल्याकडे धुराड्यालाही चिमणी म्हणतात, पाखरालाही, आणि रॉकेलच्या दिव्यालाही! पण शेणाचं घर वाहून गेलेला काऊ अखेर चिऊच्या घरात घुसला, आणि चिऊला बाळाला न्हाऊ-माखू घालायचंच राहून गेलं, ही त्या गोष्टीची नवी आवृत्ती त्याला फार आवडली. मला आपलं वाटलं, पितृपक्षात आम्ही गच्चीवर पान ठेवून काव काव करत उभं राहायचं तर एक फिरकत नाही, आणि इथे न बोलावता सहकुटुंब मुक्काम.

जून-जुलै असे रिकामे गेले. जावई वाचत बसले आणि रोज जेवताना आम्हाला वाढू लागले. इंग्लंडात 1662 साली चुलीवर कर बसवला होता म्हणे, एका चुलीला वर्षाला दोन शिलिंग. मोजणारा घरात शिरून बघे, आणि लोक चुली विटांनी बुजवून टाकत. 1689 साली तो कर गेला. आपल्याकडे चुली मोजतात त्या चूलबंद आवतण द्यायला, हा फरक मी नोंदवला. मग रमफर्ड. हा मूळचा अमेरिकेतला बेंजामिन थॉम्पसन, नंतर काउंट रमफर्ड. 1796 साली त्याने फायरप्लेसवर प्रबंधच लिहिला: चूल उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, गळा अरुंद ठेवा, म्हणजे धूर वर जाईल आणि ऊब खोलीत येईल. लंडनमध्ये घरोघर त्याप्रमाणे तोडफोड झाली. त्याच रमफर्डने पुढे लावाझिए या शास्त्रज्ञाच्या विधवेशी लग्न केलं आणि चार-पाच वर्षांत दोघे वेगळे झाले. घराघरातला धूर काढणाऱ्याच्या स्वतःच्या घरी धुमसत होतं. "आणि एवढं करूनही," जावयांनी समारोप केला, "बहुतेक ऊब धुराड्यातूनच जाते. आई, तुम्हीच सांगा, या खर्चात किती चांगला हीटर आला असता." मुलीने त्यांच्याकडे जे बघितलं, त्यात भरपूर ऊब होती.

विल्यम मॉरिसची गोष्ट मात्र मला गृहस्थांनी सांगितली, चकली मोडता मोडता. त्या काळी इंग्लंडात जुन्या चर्चांच्या जीर्णोद्धाराची साथ आली होती. जीर्णोद्धार म्हणजे, तीनशे वर्षांत जे जे लोकांनी लावलं, वाढवलं ते खरवडून टाकायचं, आणि मूळ जसं असावं असं आपल्याला वाटतं तसं नवं करून ठेवायचं. मॉरिसने 1877 साली याच्याविरुद्ध संस्था काढली. लोक तिला थट्टेने 'खरवडविरोधी' म्हणत. त्याचं म्हणणं साधं: उद्धार करू नका, रोजची निगा राखा. कौल सरकलं तर बसवा, पन्हळ तुंबली तर काढा.

हे ऐकलं आणि मला माझी आजी दिसली. कोकणातल्या माझ्या आजोळी चूल होती, एका बाजूला वैल असलेली. आजी पहाटे उठून आधी राख काढायची, मग शेणमातीत भिजवलेलं पोतेरं घेऊन चुलीवरून डावीकडून उजवीकडे हात फिरवायची. कुठे भेग दिसली तर बोटाने माती दाबायची. त्या ओल्या चुलीवर दोन बोटं हळदकुंकू, आणि मग जाळ. सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या. मॉरिसने सांगितलेली रोजची निगा ती रोज करत होती. गंमत अशी, की रोज नवी होत असल्यामुळे ती चूल कधी जुनी झालीच नाही. शंभर वर्षं तिथे चूल होती असं म्हणता येईल, पण शंभर वर्षांची चूल होती असं नाही म्हणता येणार. ऐतिहासिक व्हायला आधी काही दिवस दुर्लक्ष व्हावं लागतं. आजीने तेवढी सवडच दिली नाही.

गॅस आला तेव्हा मामाने पहारीने ती चूल काढली. अर्धा तास लागला. तिथे कडाप्प्याचा ओटा झाला, सगळ्यांना आनंद झाला, मलाही. आजीची पाठ आणि डोळे सुटले, धुरापासून. तिने कुरकुर केली नाही. फक्त चुलीच्या मातीचं एक ढेकूळ उचलून तुळशीत नेऊन फोडलं आणि वर पाणी घातलं. दोन वर्षांनी स्वयंपाकघराच्या तुळयांना वाळवी लागली. इतकी वर्षं धूरच त्या तुळया राखत होता, हे तेव्हा कळलं.

ऑगस्टमध्ये काऊ गेले. धुराडी साफ करणारा आला, लांबच लांब काठ्यांचा ब्रश आणि व्हॅक्यूम घेऊन. दोन पोती काटक्या निघाल्या. मग गृहस्थांनी आतली अग्निमातीची पाठ सांधली. लोखंडाला वरच्या बाजूला एक बारीक भेग होती, ती तशीच ठेवली. "वाढत नाहीये. राहू दे तिला." आमच्याकडे भंगलेली मूर्ती देवघरात ठेवत नाहीत, पण हे देवघर नव्हे, म्हणून गप्प बसले. फरशांचं मात्र नाटक झालं. मुलीला खात्री होती की त्या बर्मनटॉफ्ट्सच्या असणार. ही लीड्समधलीच कुंभारकामाची जुनी भट्टी, तिच्या झिलईदार फरशांना आता मोठा मान. 1904 साली तिथलं कलात्मक कुंभारकाम बंद पडलं. छाप फरशीच्या पाठीवर असतो, आणि पाठ बघायची तर फरशी काढायला हवी, आणि कन्झर्व्हेशनमध्ये जे घट्ट आहे ते काढत नाहीत. मुलगी रोज एकेक फरशी हलकेच दाबून बघायची, कुणी सैल होतेय का. शेवटी सप्टेंबरात एक झाली. तिने श्वास रोखून ती उपडी केली. मागे एकच शब्द होता: 'इंग्लंड'. "एवढं तर मलाही माहीत होतं," जावई म्हणाले, आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

फळी कुणी आणि का ठोकली हेही त्याच सुमारास कळलं, म्हणजे अंदाजाने. लंडनमध्ये 5 ते 9 डिसेंबर 1952 असे पाच दिवस कोळशाचा धूर आणि धुकं मिळून असं काही बसलं की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. त्या वेळी 4000 माणसं गेल्याचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो 12000 पर्यंत नेला. 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा आला, गावोगावी धूरबंदीचे पट्टे आखले गेले, गॅस आला, आणि घराघरातल्या या चुलींवर फळ्या बसल्या. म्हणजे ती फळी ठोकणारी बाई काही अडाणी नव्हती. ती बहुधा आनंदात होती, माझ्या मामीसारखी. आता तिच्यावर मला रागावता येईना.

ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी पहिला जाळ करायचं ठरलं. सगळ्यांचं एकमत झालं, की चूल पेटवण्याचा अनुभव फक्त आईंना. मी पदर खोचला. "लाकडं कुठायत?" लाकडं चालत नाहीत. घर अजूनही धूरबंदीच्या पट्ट्यात. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळून धूर दिसला तर 175 ते 300 पौंड दंड. फक्त बिनधुराचा कोळसा. तो पिशवीतून निघाला: अंड्याच्या आकाराचे काळे गोळे, कढईत करपलेल्या डिंकाच्या लाडवांसारखे. खाली पेटवायला पांढरा मेणचट खडा. साठ वर्षांचा माझा अनुभव त्या पिशवीपुढे निवृत्त झाला.

तरी मी गोळे रचले, खालून हवा खेळेल असे. खडा पेटवला आणि सवयीने वाकून फुंकर घातली. धूर उठला, एक क्षण विचारात पडला, आणि सरळ माझ्या तोंडावर आला. मग खोलीत पसरला. छतावरची धोक्याची घंटा ओरडायला लागली, नातवाने कान झाकले, जावयांनी दारं उघडली, मुलगी घंटेखाली वर्तमानपत्र हलवत उभी. "आई, झडप! वरची झडप उघडलीस का?" मला काय माहीत झडप असते! आमच्या चुलीला चिमणीच नव्हती. आमचा धूर कौलांतून, खिडकीतून, आजीच्या डोळ्यांतून, वाट मिळेल तिथून जायचा. त्याला दार उघडून द्यावं लागतं, असा मानपान त्याने कधी मागितला नव्हता.

झडप उघडली. गृहस्थांनी शिकवल्याप्रमाणे जावयांनी वर्तमानपत्राची सुरळी पेटवून धुराड्यात वर धरली, गार हवा हलवायला. वर कुठेतरी दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. पाऊण तासाने गोळे कडेने लाल झाले. सूर्यफुलाच्या पाकळ्यांवर उजेड हलायला लागला, आणि लटक्या संगमरवराच्या हिरव्या शिरा अगदी खऱ्या दिसल्या. खोलीत ऊब फारशी नव्हती. पाठीमागे गारठाच होता. कुणीच उठलं नाही. हीटरपुढे असं कुणी बसल्याचं मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. खाली गेले, राख काढून पत्र्याच्या बादलीत भरली. ही राख भांडी घासायच्या कामाची नाही, हे बोटांना लगेच कळलं. मग माझी एक जुनी सुती साडी फाडून फडकं केलं होतं, ते पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि पुढच्या फरशांवरून हात फिरवला. डावीकडून उजवीकडे.

जिन्यात पावलं वाजली. "आई, इतक्या लवकर काय करतेस?"

"पोतेरं."

"त्यांना विचारलंस का, ओलं फडकं चालतं का ते?"